समान मजकूर

"एक," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

एवढंच झालं. विषय क्रमांक नऊ: पाणीखात्याच्या जुन्या वसाहतीतली बैठी घरं पाडून तिथे चार उंच इमारती बांधायला परवानगी, मुदतीत आलेल्या ग्राह्य हरकती, एक. त्याआधी विषय सातवर, वाचनालयाच्या गळक्या छताला यंदा निधी द्यावा की पुढच्या वर्षी बघावं, यावर सभासद पाऊण तास भांडले होते. विषय आठ म्हणजे ह्याच चार इमारतींना दहा वर्षं घरपट्टी माफ; तो पाच मिनिटांत हात वर करून मंजूर झाला. म्हणजे आधी इमारतींची घरपट्टी माफ केली आणि मग इमारती बांधायच्या की नाही हे विचारायला घेतलं. आमच्या परिषदेत हे असंच चालतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही एरवी वाटलं नसतं. मी सभागृहाच्या कडेला, नियोजन शाखेच्या टेबलाशी, फायलींच्या ढिगाआड बसलो होतो. तो 'एक' मीच टाइप केला होता, दोनदा तपासला होता, त्याच्याखाली माझी आद्याक्षरं होती. तरी तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकला आणि कुणीतरी फाडकन मुस्काटात मारावी तसं झालं. मी पेनाचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं.

मागच्या बाकांवर वसाहतीतली चाळीसेक माणसं घडीचे कपडे घालून बसली होती. त्यांना आधी कळलंच नाही. 'एक' म्हणजे काहीतरी पोटकलम असेल, मग दोन येईल, तीन येईल, असं वाटून ती मान पुढे काढून ऐकत राहिली. त्यांनी दोनशे चौदा पत्रं दिली होती. प्रत्येकाने आपल्या हाताने लिहिलेली, प्रत्येकाची पोच घेतलेली. काहीजणांनी तर त्या पोचपावत्या सभेलाही बरोबर आणल्या होत्या, जणू दाराशी कुणी तिकीट विचारणार आहे. तिसऱ्या बाकावर, अगदी कडेला, माझी थोरली बहीण बसली होती. ताईने सबंध सभेत एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मीच तिला तसं बजावलं होतं.

आता हा नियम काय ते सांगतो. सांगायला मीच लायक माणूस, कारण तो माझाच आहे. एखाद्या जागेच्या वापरात बदल करायचा असेल तर परिषद हरकती मागवते. पन्नासाहून जास्त आल्या तर सरळ मतदान घेता येत नाही. त्या जागी जाऊन जाहीर सुनावणी घ्यावी लागते, एकेकाचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि अशा सुनावणीत प्रस्ताव बहुतेक वेळा बारगळतो. अकरा वर्षांपूर्वी बाजाराच्या रस्त्यावर वाहनतळ करायचा होता, तेव्हा दुकानदारांच्या संघाने चार हजार छापील पत्रं आणून ओतली. मजकूर एकच, खाली नुसत्या सह्या. मी आणि आमच्या टायपिस्टबाई तीन महिने त्याच्या नोंदी करत होतो. माझी मान धरली, बाईंना चष्मा लागला. शेवटी मी वैतागून वर टिपण दिलं: मजकूर समान असेल तर पत्रं कितीही असोत, हरकत एकच धरावी. टिपण मंजूर झालं, परिपत्रक निघालं, आणि शाखेत मला 'गठ्ठेबहाद्दर' म्हणायला लागले. मी वरवर चिडायचो आणि मनातून सुखावायचो. तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या डोक्यातून निघालेली एकच गोष्ट नियमांच्या पुस्तकात गेली, ती ही. नवीन कोणी शाखेत आलं की मीच विषय तिकडे वळवायचो.

मग ताई पत्रं घेऊन आली त्या रविवारी ह्याच माणसाने काय केलं? विसरलो, असं मी स्वतःला दीड महिना सांगतोय. पण अकरा वर्षं ज्याच्यावर पाठ थोपटून घेतली ते कुणी विसरतं का? आणि आठवत होतं म्हणावं, तर सख्ख्या बहिणीचं घर बुडवायला मी काय राक्षस आहे? दोन्हीतलं काहीच नीट बसत नाही. मला वाटतं, तो नियम माझ्या डोक्यात 'त्यांच्यासाठी' होता. ते म्हणजे कोण, तर संघवाले, छापखानेवाले, ऑफिसला छळणारे. ताई आणि तिच्या शेजारणी त्या 'त्यांच्यात' मोडतील हे माझ्या मनातच आलं नाही. वसाहतीतली माणसं आपल्या नियमात बसण्याइतकी मोठी आहेत असंच मला वाटलं नसेल. हे लिहिताना लाज वाटते, पण असंच आहे.

ताई त्या रविवारी माझ्या घरी आली होती. मी तिच्याकडे जात नाही. मेव्हणे गेल्यापासून दोनदा गेलो असेन. वसाहतीत मला कोणी ओळखत नाही. ताईचा भाऊ कुठल्याशा ऑफिसात आहे, इतकंच तिथे माहीत, आणि कुठल्या ते सांगू नकोस असं मीच तिला म्हटलं होतं, लोक उगाच कामं घेऊन येतात म्हणून. ती कापडी पिशवी घेऊन आली. पिशवीत पत्रं होती, एकाहत्तर. वहीची पानं, कॅलेंडरची मागची बाजू, एक तर औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा. "आमच्या लोकांनी लिहिलीयत," ती म्हणाली, "तू जरा नजर घाल. कुठे काही चुकलं असेल तर उगाच त्यापायी नाकारली जायला नकोत." मी चष्मा लावला आणि लाल पेन घेतलं. लाल पेन कशाला घेतलं, कोण जाणे.

इस्त्रीवालीने लिहिलं होतं, मी दारातल्या ओट्यावर इस्त्री करते, उद्या तुम्ही मला तेराव्या मजल्यावर नेऊन ठेवलंत तर तिथे कपडे घेऊन काय तुमचा काका येणार आहे? ड्रायव्हरकाका म्हणून एक आहेत, आयुष्यभर बस चालवली, आता डोळ्यांनी फार कमी दिसतं. त्यांचं पत्र दुसऱ्या कोणी उतरवून घेतलं होतं: घरापासून दवाखान्यापर्यंत तीनशे अकरा पावलं आहेत, मध्ये दोन खड्डे आहेत ते मला पाठ आहेत, नवीन जागी नवीन खड्डे शिकायचं माझं वय नाही. एका बाईला फिट यायच्या. तिने लिहिलं होतं, आमची भिंत शेजारणीच्या भिंतीला लागून आहे, दोनदा ठोकलं की ती धावत येते, नव्या इमारतीच्या भिंतीतून ऐकू जाईल का ते आधी कळवा. आणि एका कागदावर फक्त 'नको' लिहून खाली सही होती. मी हसलो. चेष्टेने नाही, म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं नाही. "ताई, हे असलं ऑफिसात नाही गं चालत," मी म्हणालो. "काका काय, खड्डे काय! कुणी वाचलं तर काय म्हणेल?" हा कुणी म्हणजे आमच्या शाखाप्रमुख मॅडम. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, बोलणं तोललेलं, टेबलावर एक कागद वाकडा नाही. ही पत्रं मॅडमच्या हातात पडल्याचं चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मलाच शरमल्यासारखं झालं, जणू तो औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा माझ्या घरचाच आहे. तसा तो होताच म्हणा.

बायको भाजी निवडता निवडता एकेक वाचत होती. "अहो, किती छान लिहिलंय," ती म्हणाली, "माझ्या तर पोटात तुटलं. तशीच जाऊ देत ना." "तुला ऑफिसातलं काय कळतं?" मी खेकसलो. ती पुन्हा भाजीकडे वळली. ताई मात्र माझ्याकडे बघत होती, लहानपणी बघायची तशी. आई गेल्यावर ताईची शाळा सातवीत सुटली. ती भांडी घासायची आणि मला शेजारी बसवून धडे मोठ्याने वाचायला लावायची. मी अडखळलो की हात थांबवायची. त्या वाचण्यातलं तिला किती समजायचं कोण जाणे, पण जड शब्द आला की तिचा चेहरा उजळायचा. त्या दिवशी मी सराईत हाताने लिहायला घेतलं: 'उपरोक्त विषयान्वये, सदर प्रस्तावित फेरबदलामुळे स्थानिक रहिवाशांच्या सामाजिक व आर्थिक हितसंबंधांस बाधा पोहोचत असल्याने...' आणि मोठ्याने वाचून दाखवलं. तिचा चेहरा तसाच उजळला. "तुझं लिहिणं ते लिहिणं," ती म्हणाली. मी फुगलो. "सगळ्यांना हेच उतरवायला सांग," मी बजावलं, "आपल्या मनाचं काही घालू नका. एक अक्षर इकडचं तिकडे नको. आणि माझं नाव कुठे येता कामा नये, हं. ओळखीच्या वकिलाने दिलं म्हण." ती एकाहत्तर पत्रं माझ्याकडेच राहिली. तिला ती न्यायचं कारणच उरलं नव्हतं.

नंतर कळलं की ती नऊ दिवस घरोघर फिरली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचा हात धरून लिहून घेतलं. ज्यांचं एक अक्षर चुकलं त्यांना नवीन कागद दिला, कारण भाऊ म्हणाला होता एक अक्षर नको. एकाहत्तराची दोनशे चौदा झाली ती अशी. मुदत संपायला दहा दिवस असताना पहिला गठ्ठा माझ्या टेबलावर आला. मी पहिलं पत्र उघडलं, माझं वाक्य बघून गालात हसलो, दुसरं उघडलं. पाचव्या पत्राला ते हसू गेलं. मी उठलो, पाणी प्यायलो, परत येऊन बसलो. उपरोक्त विषयान्वये. उपरोक्त विषयान्वये. कुणाचं अक्षर गिचमिड, कुणाचं थरथरतं, कुणाचं भोपळ्याएवढं, आणि प्रत्येकाच्या तोंडी मीच.

दहा दिवस होते. दहा! ताईकडे जाऊन एवढंच म्हणायचं होतं: माझं चुकलं, सगळ्यांना पुन्हा आपापल्या शब्दांत लिहायला सांग, नुसतं 'नको' लिहिलं तरी चालेल. तेही जमत नव्हतं तर ती एकाहत्तर पत्रं होतीच की. आवक खिडकीवर नेऊन दिली असती तर झालं असतं काम, पन्नासापेक्षा एकवीस जास्त. मी ती डब्याच्या पिशवीत घालून ऑफिसात नेलीही. चार दिवस नेली आणि चार दिवस परत आणली. खिडकीवरची मुलगी विचारणार, तुमच्याकडे कशी आली? एकदा जेवणाच्या सुट्टीत खिडकीपर्यंत गेलो, तिने "काय काका?" म्हटलं, आणि मी टाचण्यांची डबी मागून परत आलो. मग मनाची समजूत घालू लागलो की मॅडम हा नियम हाताने लिहिलेल्या पत्रांना लावणारच नाहीत. त्यांना विचारलं का? नाही. विचारलं असतं तर त्या हो किंवा नाही म्हणाल्या असत्या, आणि मला दोन्ही नको होतं. सहाव्या दिवसापासून पिशवी घरीच ठेवली. अकराव्या दिवशी तक्ता करायला बसलो. एकूण पत्रे दोनशे चौदा. समान मजकूर दोनशे चौदा. ग्राह्य हरकती, एक.

"एक कशी काय?" मागून आवाज आला. ड्रायव्हरकाका उभे राहिले होते, काठी समोरच्या बाकाला टेकवून, भलत्याच दिशेला तोंड करून. "अहो, आम्ही दोनशे चौदा दिलीत!" प्रेक्षकांना बोलता येणार नाही, अध्यक्ष म्हणाले. तेवढ्यात सभासदांतल्या एक बाई, पूर्वी शाळेत शिकवायच्या, उठून म्हणाल्या, निदान खुलासा तरी होऊ दे. अध्यक्षांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी माझ्याकडे, कारण फाइल माझ्यापुढे होती. मी उभा राहिलो. "दोनशे चौदा पत्रं आहेत," मी म्हणालो. "मजकूर समान आहे. परिपत्रकाप्रमाणे हरकत एक." माझा आवाज अगदी स्वच्छ आला, याचं मला आजही नवल वाटतं. "एकेकाने हाताने लिहिलेलं, तरी?" शिक्षिकाबाईंनी विचारलं. "तरी." "हा मजकूर त्यांना कुणी दिला, काही कळलं का?" मी फाइलीची दोन पानं चाळली. खरोखर चाळली, जणू उत्तर तिथे लावून ठेवलं होतं. "नाही," मी म्हणालो. "ज्याने दिला त्याने ह्यांचं वाटोळं केलं," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. हात वर झाले. विषय नऊ मंजूर. विषय दहा रस्त्यावरच्या दिव्यांचा होता.

मॅडम फाइल घेऊन बाहेर निघाल्या तेव्हा मी मागे राहायचं ठरवलं होतं, पण त्यांनी "चला" म्हटलं आणि मी गेलो. बाहेरच्या लांब बोळात वसाहतीतली माणसं भिंतीला टेकून उभी होती. कोणी ओरडत नव्हतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. इस्त्रीवाली पोचपावतीची घडी घालत होती, उलगडत होती. मला वाटलं, मॅडम तिथून झपाझप निघून जातील. त्या थांबल्या. ज्या मॅडमना मी इतका घाबरलो, त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मला फार वाईट वाटतंय. मी सगळी पत्रं स्वतः पाहिलीत. तुम्ही तुमच्या शब्दांत दोन ओळी लिहिल्या असत्यात ना, तर मी आनंदाने वाचल्या असत्या."

"आम्ही लिहिल्या होत्या की!" इस्त्रीवाली म्हणाली. "ह्या ताईंनी सांगितलं, त्या चालत नाहीत. कुणी वकील आहे म्हणाल्या."

"वकील?" मॅडम म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, एकेक शब्द सुटा करत, "हे बघा, नीट ऐका. नियमात एक सोय आहे. परिषदेच्या एखाद्या कर्मचाऱ्याने तुम्हाला हा मजकूर लिहून दिला असेल, तर आजचा ठराव मला थांबवता येतो. आजच. मग तुम्हाला पुन्हा महिनाभर मुदत मिळेल. त्या कर्मचाऱ्यावर कारवाई होईल, ती माझी जबाबदारी. तुम्ही फक्त खरं सांगा. कुणी लिहून दिला?"

ते कलम मला पाठ होतं. कारवाई म्हणजे काय तेही पाठ होतं. नोकरी जाते. निवृत्तीला चार वर्षं राहिली आहेत. मी मॅडमच्या मागे, हातभर अंतरावर उभा होतो. मला फक्त 'मी' म्हणायचं होतं. एक अक्षर. मी तोंड उघडलंसुद्धा. ताईने त्या दिवसात पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, आणि तिला माझं उघडं तोंड दिसलं, आणि त्यातून काही येणार नाही हेही दिसलं असावं. माझ्याविषयी तिला नेहमीच माझ्याआधी कळतं. तिची मान थोडी हलली. मला गप्प करत होती की नुसतीच हलली, कोण जाणे.

"वकील वगैरे कोणी नाही," ताई म्हणाली. "मीच लिहिलं."

"तुम्ही?" मॅडम म्हणाल्या. त्यांचा विश्वास बसला नव्हता. "ही भाषा तुमची?"

"लहानपणी खूप ऐकलंय असलं," ताई म्हणाली. "जमतं मला."

"आणि आमची पत्रं?" ड्रायव्हरकाकांनी विचारलं. "माझी पावलं?"

"फेकून दिली," ताई म्हणाली. "मला वाटलं, लोक हसतील."

इस्त्रीवालीने तिच्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली घेतली. ते पाहणं माझं होतं आणि ते ताईवर पडत होतं. "वा गं शहाणे," ती म्हणाली, पुढे काहीतरी आणखी बोलणार होती, पण तिला रडू आलं. मॅडमनी ताईकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग त्या वळून आपल्या खोलीकडे गेल्या. वसाहतीतली माणसं निघाली. ड्रायव्हरकाकांचा हात नेहमी ताई धरत असावी, कारण त्यांनी तो सवयीने बाजूला केला, आणि मग ओढून घेऊन इस्त्रीवालीच्या खांद्यावर ठेवला. सगळे पुढे गेले. ताई मागे राहिली. बोळात आम्ही दोघंच होतो, आणि टोकाला, मॅडमच्या खोलीचं दार अजून उघडं होतं.

ताईने दाराकडे पाहिलं, मग उगाच पदर नीट केला, आणि दारापर्यंत ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "साहेब, खाली जायचा जिना कुणीकडे हो?"

मी म्हणालो, "डावीकडे, बाई."